टीव्हीवरची तूट आणि आपली मजुरी

(होळीनंतर झालेल्या संघटनेच्या तालुका शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. मार्च २००६. बोलताना जे पावरी-भिलीत सांगितलं ते इथे मराठीत घातलं आहे. गावबैठकीत वाचून दाखवावं.)



आम्हाला बोलायला विषय दिला आहे बजेटचा. विषय ऐकूनच काही जण तंबाखू मळायला लागले, ते आम्ही पाहिलं. बरोबर आहे. बजेट म्हटलं की आपल्याला वाटतं हे दिल्लीचं काम, साहेब लोकांचं काम. दर वर्षी फेब्रुवारी संपताना ते येतं, आणि तेव्हा आपण भोंगऱ्या बाजाराच्या तयारीत असतो. कुणी उसाच्या तोडीवरून गुजरातेतून परत येत असतं, कुणाला ढोल मढवायचा असतो. दिल्लीत काय वाचलं गेलं ते कळत नाही. पण यंदाच्या बजेटमध्ये एक आकडा आपला आहे. रोजगार हमीच्या देशाच्या कायद्यासाठी ११,३०० कोटी रुपये. हा कायदा २ फेब्रुवारीला लागू झाला. देशातले २०० जिल्हे घेतले, महाराष्ट्रातले १२. त्यात आपला नंदुरबार आहे, शेजारचा धुळे आहे, तिकडे गडचिरोली आहे. म्हणून हा विषय आज ऐकावा लागेल.

बजेटच्या दिवशी आणि त्याच्या नंतर आम्ही चार-पाच पोरं तालुक्याच्या गावी हॉटेलात बसून टीव्ही बघत होतो. एका चहावर किती वेळ बसता म्हणून हॉटेलवाला बोलला, मग अजून एक घेतला. टीव्हीवर एका बाजूला शेअर बाजाराचा आकडा वर-खाली होत होता आणि मध्ये टाय लावलेले चार जण बोलत होते. एक बँकेचा, एक शेअर दलाल कंपनीचा, एक कारखानदारांच्या संघटनेचा आणि एक पेपरचा संपादक. त्यांना तिथे तज्ज्ञ म्हणतात. या चौघांचं भांडण चाललं होतं, पण नीट ऐकलं तर भांडण नव्हतं. सगळे एकच बोलत होते. तूट कमी करा, खर्च आवरा, फुकट वाटप थांबवा. एक म्हणत होता लवकर आवरा, दुसरा म्हणत होता त्याहून लवकर आवरा. याला ते चर्चा म्हणतात.

आता तूट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण या शब्दानं माणूस घाबरतो. केंद्र सरकार येत्या वर्षात जो खर्च करणार आहे तो शंभर रुपये धरा. त्यातले चौऱ्याहत्तर रुपये कर, सरकारी कंपन्यांचा नफा वगैरेतून येतील. उरलेले सव्वीस रुपये सरकार कर्ज काढेल. ते सव्वीस म्हणजे तूट. देशाच्या एकूण उत्पन्नाशी तुलना करून तेच ३.८ टक्के असं सांगतात. आणि खर्चाच्या शंभरातले जातात कुठे? जुन्या कर्जाच्या व्याजाला पंचवीस. लष्कराला सोळा. आणि आपल्या रोजगार हमीला दोन. शंभरात दोन रुपये. हॉटेलात आम्ही पेपरच्या कडेला पेनानं हा हिशेब केला, दोनदा केला, कारण टीव्हीवरच्या आवाजावरून वाटत होतं की निम्मं बजेट आपणच खाऊन टाकलं.

तज्ज्ञ लोकांचं मुख्य म्हणणं आपल्या घरातल्या म्हातारीच्या म्हणण्यासारखंच आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे. ऋण काढून सण करू नये. हे ऐकल्यावर आपली मान आपोआप हलते. आपल्याला कर्ज काय असतं ते कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतो आणि त्या उचलीसाठी दिवाळीनंतर पोराबाळांसकट कोयता घेऊन सुरत-बारडोलीकडे जातो. उचल फिटत नाही, पुढच्या वर्षी परत जातो. म्हणून सरकारनं कर्ज काढू नये असं कुणी म्हटलं की आपल्याला ते शहाणपणाचं वाटतं.

पण सरकारचं घर आणि आपलं घर एक नाही. आपण कर वसूल करू शकत नाही, सरकार करतं. आपण मुकादमाचं घेतो, तो बाहेरचा माणूस. सरकार बहुतेक कर्ज आपल्याच देशातल्या बँका, विमा आणि लोकांच्या बचतीतून घेतं. आणि मोठा फरक पुढे आहे. आपण बाजारात दहा रुपये खर्च केले की ते आपल्या हातून गेले. सरकारनं आपल्या गावात बांधाच्या कामावर मजुरी दिली की काय होतं? ती मजुरी आठवड्याच्या बाजारात येते. मीठ, तेल, मिरची, चपला, लेकराला सदरा. मीठवाल्याचा धंदा होतो, तो जीपवाल्याला भाडं देतो, चपलांचा माल जास्त उठला तर तिकडे कारखान्यात मजूर जास्त लागतो. त्यातून विक्रीकर, उत्पादन कर पुन्हा सरकारकडे जातो. सगळा पैसा परत येतो असं आम्ही म्हणत नाही. पण काही येतो. आणि बांध तर गावातच राहतो, पाणी अडवतो. हात रिकामे बसले होते, जमीन धुपत होती, आता हातांना काम मिळालं आणि माती थांबली. यात देश गरीब कसा झाला ते टीव्हीवाल्यांनी सांगावं.

डाया माणसांना ७२ चा दुष्काळ आठवतो. तेव्हाची लाल मिलो आणि सुकडी आठवते. खडी फोडून हाताला पडलेले घट्टे आठवतात. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. राज्याच्या तिजोरीत एवढा पैसा पडलेला नव्हता, केंद्राकडून आणावा लागला. आधी अंथरूण मोजत बसले असते तर माणसं मेली असती. त्या कामांतूनच रोजगार हमी आली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली, १९७७ ला कायदा केला, १९७९ च्या २६ जानेवारीपासून लागू झाला. आणि पैसा कुठून आणला हे लक्षात ठेवा, कारण हेच टीव्हीवर कुणी सांगत नाही. १९७५ मध्ये शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला. नोकरदाराच्या पगारातून दर महिन्याला थोडे रुपये कापायचे आणि सरकारनं तेवढीच भर घालायची. म्हणजे खर्च वाढला तर दोन वाटा असतात. एक वाट कर्जाची, दुसरी वाट ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घ्यायची. तिसरी वाट म्हणजे गरिबाचं काम बंद करायचं. टीव्हीवर फक्त ही तिसरी वाट दाखवतात आणि तिला नाव देतात काटकसर.

तूट कधीच वाईट नसते असंही आम्ही म्हणणार नाही. संघटनेत आपण एकमेकांना खोटं सांगत नाही. बाजारात धान्यच नसेल आणि सरकारनं नुसत्या नोटा ओतल्या तर भाव चढतील, आणि भाव चढले की पहिला मार आपल्याला, कारण आपण किलो-किलोनं विकत घेतो. व्याजाचे पंचवीस रुपयेही खरे आहेत, ते बहुतेक पैसेवाल्यांकडे जातात. कर्ज काढून विमानतळ सजवले, मंत्र्यांच्या गाड्या घेतल्या, तर आपणही ओरडू. प्रश्न एवढाच विचारायचा की कर्ज काढून केलं काय, आणि ज्या वस्तूंवर तो पैसा खर्च होणार त्या देशात आहेत का.

याचं उदाहरण फार जुनं नाही. २००२ सालातलं आहे. तेव्हा सरकारी गोदामांत सहा कोटी टनांच्या वर गहू-तांदूळ साठला होता. ठेवायला जागा नव्हती, उघड्यावर ताडपत्री टाकून पोती रचली होती, उंदीर-घुशी खात होत्या. त्याच वर्षांत राजस्थानात, ओरिसात भूकबळीच्या बातम्या येत होत्या. आपल्याकडे सातपुड्यात लेकरांची वजनं काय होती ते अंगणवाडीच्या रजिस्टरपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. २००१ च्या एप्रिलमध्ये काही लोक सुप्रीम कोर्टात गेले की धान्य पडून आहे आणि माणसं उपाशी आहेत, हे काय आहे? आणि तज्ज्ञ काय सांगत होते? धान्य वाटलं तर सबसिडी वाढेल, तूट वाढेल. म्हणून सरकारनं ते धान्य परदेशी विकलं, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डाला जो भाव होता त्या भावात. इथल्या गरिबाला द्यायला पैसे नव्हते, तिकडच्या व्यापाऱ्याला स्वस्तात द्यायला होते. गोदामाचं भाडं, राखण, नासाडी हे सगळं पुन्हा अन्नाच्या सबसिडीच्या खात्यातच लिहिलं जातं. म्हणजे उंदरांनी खाल्लेलंही आपल्या नावावर. तेव्हा धान्य होतं, हात होते, काम होतं. फक्त त्या तिघांना जोडायला सरकारनं खर्च करायचा होता. भाव चढण्याची भीती तिथे दाखवणं म्हणजे भरल्या नदीकाठी उभं राहून पाणी जपून वापरा असं सांगणं.

आमच्यातल्या दोघांनी बारावीला अर्थशास्त्र घेतलं होतं. त्या पुस्तकात केन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञाचा धडा आहे. परीक्षेपुरता पाठ केला होता, टीव्ही बघितल्यावर त्याचा अर्थ लागला. १९३० नंतर अमेरिकेत कारखाने बंद, माणसं बेकार, दुकानात माल पण घ्यायला कुणी नाही. तेव्हा तिथल्या सरकारनं, रूझवेल्ट अध्यक्ष होते, कर्ज काढून रस्ते, धरणं, शाळा, झाडं लावणं अशी कामं काढली. बेकारी उतरायला लागली. मग १९३७ मध्ये त्यांनाही वाटलं की आता पुरे, हिशेब जुळवू, आणि खर्च कापला. पुढच्या वर्षी बेकारी पुन्हा चढली. हे दूर देशातलं आहे, तिथली माणसं वेगळी, पण रिकाम्या हाताचं दुखणं सगळीकडे सारखंच.

आता आपल्या देशात या काटकसरीचा कायदाच झाला आहे, हे फार जणांना माहीत नाही. रोजगाराचा कायदा व्हायच्या आधीच तो झाला. २००३ ला मंजूर झाला, २००४ च्या जुलैत लागू झाला. त्यात लिहिलं आहे की २००९ च्या मार्चपर्यंत केंद्रानं तूट तीन टक्क्यांवर आणायची, आणि महसुली तूट पार शून्यावर. गेल्या वर्षी महाराष्ट्रानंही तसाच कायदा केला. राज्यांनी तो केला तर केंद्राच्या कर्जात सूट मिळेल, अशी अट बाराव्या वित्त आयोगानं घातली होती. मग कोण नाही म्हणणार?

यातली महसुली तूट ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण खरा घाव तिथे बसतो. सरकारी हिशेबात खर्चाचे दोन डबे आहेत. दवाखान्याची इमारत बांधली तर तो भांडवली खर्च, चांगल्या डब्यात. त्या दवाखान्यात नर्स ठेवली, तिचा पगार दिला, औषध आणलं, तर तो महसुली खर्च, वाईट डब्यात. शाळेच्या भिंती चांगल्या, मास्तर वाईट. अंगणवाडीची खोली चांगली, सेविकेचं मानधन आणि लेकरांचा खाऊ वाईट. केंद्राकडून राज्यांना रोजगार हमीसाठी जाणारा पैसाही त्याच वाईट डब्यात. म्हणून महसुली तूट शून्य करा असं जेव्हा टायवाला सांगतो, तेव्हा आपल्या पाड्यात काय होतं? दवाखान्याला रंग असतो आणि कुलूप असतं. मास्तराच्या जागी २००० सालापासून शिक्षण सेवक येतो, तीन वर्षं महिना तीन हजारावर. वस्तीशाळेवरचा आपला पोरगा तर त्याहून तुटपुंज्या पैशावर शिकवतो. अंगणवाडीच्या बाईला पगार नाही, मानधन म्हणायचं, म्हणजे मागता येत नाही. हे सगळं कुणीतरी आळशी आहे म्हणून होत नाही. वरून आकडा ठरवून दिला आहे, तो आकडा खाली येता येता आपल्या दवाखान्याचं कुलूप होतो.

टीव्हीवरची ही माणसं वाईट आहेत का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यातले काही हुशार आहेत, आमच्यापेक्षा कितीतरी शिकलेले. पण ज्याची भाकर ज्या चुलीवर, तो त्याच चुलीची राख काढणार. बँकवाल्याला आणि दलालाला भाव स्थिर पाहिजे, व्याज वेळेवर पाहिजे, परदेशी कंपन्या देशाला मार्क देतात ते मार्क चांगले पाहिजेत. चॅनेलला जाहिराती मिळतात गाडीच्या, मोबाईलच्या, शेअरच्या. आपण कुठली जाहिरात देणार? २००४ च्या निवडणुकीत आपण आणि आपल्यासारख्या लोकांनी सरकार बदललं. निकालानंतर चार दिवसांनी, १७ मे ला, शेअर बाजार कोसळला, तेव्हा टीव्हीवर असं सुतक होतं जसं देशात कुणी मोठं माणूस गेलं. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत लेकरं मेली तेव्हा बाजाराचा आकडा काही हलला नाही.

सगळे तज्ज्ञ एकाच बाजूचे नाहीत, हेही सांगायला पाहिजे. ज्याँ द्रेझ आहेत, अमर्त्य सेन आहेत, दिल्लीच्या विद्यापीठातले प्रभात पटनाईक आहेत. त्यांनी लिहून, आकडे मांडून सांगितलं की रोजगाराचा कायदा देशाला परवडतो. द्रेझ तर गेल्या उन्हाळ्यात रोजगार अधिकार यात्रेच्या बसमधून दहा राज्यांत फिरले. यात्रा झाली, मोर्चे झाले, आणि मग २३ ऑगस्टला लोकसभेत कायदा पास झाला. आधी सरकारनं आणलेल्या मसुद्यात फक्त दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असलेल्यांनाच काम होतं. काटकसर म्हणूनच ते घातलं होतं. आपल्या किती घरांना ते कार्ड नाही ते तुम्हीच बघा. लोकांनी भांडून ती अट काढायला लावली. म्हणजे चार टायवाल्यांचं म्हणणं आभाळातून पडलेलं नाही, ते बदलता येतं.

त्यांचं एक म्हणणं मात्र आपल्या अंगाला लागतं. ते म्हणतात पैसा मध्येच गळतो. रुपयातले पंधरा पैसेच खाली जातात, असं राजीव गांधी म्हणाले होते, ते वाक्य प्रत्येक चर्चेत काढतात. गळतो, खरं आहे. हजेरीपटावर मेलेल्या माणसांचे अंगठे असतात, एका पाझर तलावाचं काम तीनदा कागदावर होतं, हे आपण बघितलं आहे आणि त्यासाठी कचेरीसमोर बसलो आहोत. पण कणगीला उंदीर लागले म्हणून कुणी कणगी जाळत नाही. या नव्या कायद्यात ठेकेदार नको असं लिहिलं आहे, माणसाचं काम मशीननं करू नये असं लिहिलं आहे, हजेरीपट बघायचा हक्क लिहिला आहे, कामाची तपासणी ग्रामसभेनं करायची असं लिहिलं आहे. चोरी थांबवायची असेल तर हे वापरा. आणि चोरीचंच म्हणाल तर कारखानदारांना करात सूट मिळते ती गळती कुणी मोजायची? यंदाच्या बजेटच्या कागदांत पहिल्यांदाच सरकारनं लिहून दिलं की करात दिलेल्या सवलतींमुळे किती पैसा सोडला. तो एक लाख कोटींच्या वर आहे. आपले ११,३०० कोटी त्याच्या शेजारी ठेवून बघा. २००४ पासून तर शेअर वर्षभर ठेवून बाजारात विकला तर नफ्यावर करच नाही. आम्ही ऐकलेल्या चर्चेत याला कुणीच तूट म्हटलं नाही. त्याला म्हणतात प्रोत्साहन. आपल्याला मिळालं की वाटप.

अजून एक बोलले ते ऐकून आम्हाला हसू आलं. गावात काम दिलं तर शेतीला मजूर मिळणार नाहीत, मजुरी वाढेल, महागाई होईल. हेच तर खाली सपाटीवरचे मोठे शेतकरी म्हणतात, मुकादम म्हणतो! म्हणजे त्यांना बरोबर कळलं आहे. बाई गावात काम मागू शकली तर मुकादमाची उचल घेताना ती दोन गोष्टी जास्त बोलेल. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, त्याचा भाव काय, लेकरांच्या शाळेचं काय, पाचटाच्या खोपीत बाळंतपण झालं तर काय. मुकादमाला तिचं ऐकावं लागेल, कारण तिला गावात दुसरं काम आहे. ही भीती तूट म्हणून बोलली जाते. आकड्यांच्या भाषेत बोललं की वाईट दिसत नाही.

आता आपल्या हातातलं बोलू. हा कायदा मागणीवर चालतो. आपण काम मागितलं तर पैसा येतो, नाही मागितलं तर येत नाही. वर्ष संपताना पैसा शिल्लक दिसला की टीव्हीवर हेच चौघं बसून म्हणतील, बघा, गरज नव्हतीच, पुढच्या वर्षी कमी ठेवा. आपल्या महाराष्ट्रात हे घडलेलं आहे. व्यवसाय कराचा पैसा रोजगार हमीच्या नावानं दर वर्षी गोळा होत राहिला आणि कामं मात्र कमी कमी होत गेली. पैसा नाही म्हणून कामं थांबली नाहीत, कामं काढली नाहीत म्हणून पैसा पडून राहिला. म्हणून काम मागणं म्हणजे फक्त पोटाचं काम नाही, त्या टीव्हीवरच्या चर्चेत आपणही बोलणं आहे. तिथे आपल्याला खुर्ची देणार नाहीत, पण अर्जांचा गठ्ठा झाला तर आकडा बदलावाच लागतो.

ग्रामसेवक सांगेल की निधी आलेला नाही. तलाठी सांगेल की वरून आदेश नाही. निधी नाही हे कारण या कायद्यात चालत नाही. लेखी अर्ज द्या, कमीत कमी चौदा दिवसांचं काम मागा, आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय जागा सोडू नका. पोच हाच आपला खरा कागद. त्या तारखेपासून पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता लागू होतो. पहिले तीस दिवस मजुरीच्या चौथा हिस्सा, नंतर निम्मा. मजुरी केंद्र देतं आणि भत्ता राज्याला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. म्हणून पोच द्यायला टाळाटाळ होणार, ते आधीच समजून ठेवा. काम पाच किलोमीटरच्या आत पाहिजे, लांब असेल तर दहा टक्के जास्त. मजुरी आठवड्याला, उशिरात उशिरा पंधरा दिवसांत. सहा वर्षांखालची पाच लेकरं कामावर असली तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची आणि तिलाही मजुरी द्यायची.

आपल्या जमिनीचा प्रश्न याच्यातही आडवा येतो. आदिवासीच्या स्वतःच्या जमिनीवर पाण्याची सोय करणं या कायद्यात बसतं. पण जमीन त्याच्या नावावर पाहिजे. आपण तर आजा-पणज्यापासून जंगल जमीन कसतो आणि कागदावर अतिक्रमणदार आहोत. म्हणजे मजूर म्हणून दुसऱ्याच्या शेताला बांध घालू आणि आपलं खेडूत तसंच धुपत राहील. वनहक्काचं बिल १३ डिसेंबरला लोकसभेत मांडलं आहे, आता ते संयुक्त समितीपुढे आहे. त्यावरही टीव्हीवर ओरड चालू आहे, जंगल जाईल, वाघ जाईल. त्याबद्दल उद्या सकाळी दुसरे साथी बोलणार आहेत, म्हणून आम्ही इथे थांबतो. एवढंच म्हणतो की दोन्ही अर्ज बरोबर चालले पाहिजेत, कामाचाही आणि प्लॉटचाही.

ज्या पाड्यांची नोंदणी राहिली आहे त्यांनी जेवण झाल्यावर कागद वाटणाऱ्या पोरांकडे नावं द्यावीत. जॉब कार्डाला लागणाऱ्या फोटोचा खर्च सरकारनं करायचा आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका, त्याचं नाव आणि तारीख लिहून घ्या आणि गुरुवारच्या बैठकीत आणा. घरातल्या बायकांची नावंही कार्डावर घाला, फक्त पुरुषाचं घालून येऊ नका.

जिंदाबाद.